सवय आणि सोय : स्वस्त घरातील उकाड्याची चिकित्सा

१

मराठीत उष्णतेच्या त्रासाला एकच एक नाव नाही. कोकणातला माणूस ‘उकडते’ म्हणतो तेव्हा अंगावरचा घाम सुकत नाही, ही त्याची तक्रार असते. सोलापूर-लातूरकडे ‘तलखी’ किंवा ‘काहिली’ म्हटले की कोरड्या हवेत अंगाची होणारी लाही अभिप्रेत असते. ‘झळ’ वाऱ्याबरोबर येते, तर ‘धग’ चुलीची, तापलेल्या भिंतीची नाहीतर पत्र्याची असते. आणि वारा पडला की घर ‘कोंदट’ होते. स्थापत्यशास्त्र घरातल्या उष्म्यासाठी हवेचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि आसपासच्या पृष्ठभागांतून येणारे प्रारण अशा चार गोष्टी मोजते. या चारही गोष्टी आपल्या बोलण्यात फार पूर्वीपासून वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या आहेत.

नियमांच्या भाषेत मात्र या साऱ्याला ‘थर्मल कम्फर्ट’ हे एकच नाव आहे आणि त्याचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते. तो आकडा कोठून आला, तो कोणाच्या अंगावर बेतला आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरात शिरल्यावर त्याचे काय होते, हे प्रस्तुत लेखात तपासायचे आहे. मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नाही. बालपण माळवदाच्या घरात आणि पुढचे आयुष्य स्लॅबखाली गेल्यामुळे या विषयाचे जे हाती लागेल ते वाचत आलो, एवढाच माझा अधिकार. त्या वाचनातून झालेले मत आधीच सांगतो. आपल्या मानकांनी उष्ण प्रदेशातल्या माणसाची सवय हिशेबात धरली, ही त्यांची मोठी कमाई आहे. पण ती सवय ज्या सोयींच्या आधाराने चालते, त्या सोयी गरिबाच्या घरात आहेत की नाहीत, हे मात्र त्यांनी विचारले नाही.

२

किती तापमानात माणसाला बरे वाटते, या प्रश्नाचे आधुनिक उत्तर प्रथम थंड देशांत तयार झाले. कपड्यांची ऊब मोजण्यासाठी १९४१ साली अमेरिकन संशोधकांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ज्या पोशाखात बरे वाटते, तो पोशाख म्हणजे स्थूलमानाने एक क्लो. त्या हिशेबामागे सुटाबुटातला पुरुष उभा आहे, हे उघड आहे. पुढे पी. ओ. फँगर या डॅनिश अभ्यासकाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मोजमापाच्या वरील चार गोष्टींना कपडे आणि शारीरिक श्रम यांची जोड दिली आणि या सहा घटकांवरून माणसाचे समाधान वर्तवणारे समीकरण मांडले. त्यामागचे प्रयोग मुख्यतः अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, नियंत्रित हवेच्या खोलीत झाले होते. वातानुकूलित कार्यालयासाठी ते समीकरण आजही उपयोगी पडते. पण पंखा आणि उघडी खिडकी यांच्यावर चालणाऱ्या घराला ते लावले की ते घर फार लवकर नापास होते.

या मताला जो पर्याय पुढे आला, त्याच्या मुळाशी भारताचा एक धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. रुडकी आणि बगदाद इथल्या लोकांकडून त्यांच्या नेहमीच्या वातावरणात जमवलेल्या नोंदी फर्गस निकोल या ब्रिटिश अभ्यासकाने १९७४ साली तपासल्या. युरोपीय कोष्टके ज्या तापमानाला असह्य ठरवतील, त्या तापमानात ही माणसे वाऱ्याच्या मदतीने समाधानी असल्याचे त्या नोंदींतून दिसत होते. निकोल आणि त्यांचे सहकारी मायकेल हम्फ्रीज यांनी त्यातून जो विचार विकसित केला, त्याला ‘अनुकूलनाचा सिद्धांत’ म्हणता येईल. माणूस तापमानमापकासारखा निमूट बसून राहत नाही. त्रास झाला की तो काहीतरी करतो. खिडकी उघडतो, अंगावरचे कपडे कमी करतो, जागा बदलतो, कामाची वेळ बदलतो. बाहेरचा ऋतू जसा पालटतो तसे त्याचे ‘बरे वाटण्याचे’ तापमानही सरकते.

रुडकीच्याच केंद्रीय भवन संशोधन संस्थेतून १९८६ साली एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी ‘ट्रॉपिकल समर इंडेक्स’ हा भारतीय उन्हाळ्याचा निर्देशांक मांडला. त्यात २५ ते ३० अंशांची पातळी सुखकर मानली आहे. २००८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माधवी इंद्रगंटी यांनी हैदराबादच्या ४५ सदनिकांत जाऊन रहिवाशांना विचारले, तेव्हा त्यांचे समाधानाचे तापमान सुमारे २९ अंश आणि सहन होणारी मर्यादा ३२ अंशांच्या थोडी पुढे निघाली. राष्ट्रीय इमारत संहिता त्या वेळी उन्हाळ्यासाठी २३ ते २६ अंश सांगत होती. म्हणजे संहिता एका देशाची आणि माणसे दुसऱ्याच देशाची, अशी अवस्था होती.

ही विसंगती दूर करण्याचा गंभीर प्रयत्न म्हणजे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ साली पुढे आणलेले ‘इमॅक’ हे भारतीय प्रतिमान. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने ते स्वीकारले. त्याचे गणित सोपे आहे. गेल्या काही दिवसांच्या बाहेरील सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचे आणि त्यात १२.८३ मिळवायचे. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत सुमारे २९ अंशांना बरे वाटेल आणि साडेएकतीस अंशांच्या आसपास नव्वद टक्के लोकांची मर्यादा येईल. पाश्चात्त्य आकड्यापासून मिळालेली ही मुक्तता लहान नाही. तिने वीजही वाचते आणि आपल्या राहणीला मानही मिळतो.

मात्र या प्रतिमानासाठी पाहणी झाली ती पाच शहरांतल्या १६ कार्यालयीन इमारतींत. उत्तरे देणारे लोक सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणारे होते. पुढे याच परंपरेतल्या अभ्यासकांनी घरांतही पाहणी करून निवासी प्रतिमान तयार केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मूळ शंका त्याने फिटत नाही. अनुकूलनाचा सिद्धांत माणसाकडे काही करण्याची मुभा आहे, असे गृहीत धरतो. ती मुभा काढून घेतली की सिद्धांताचा अर्थच पालटतो. ‘त्यांना सवय आहे’ हे निरीक्षण राहत नाही, ती सबब होते.

३

आता प्रत्यक्ष नियमाकडे वळू. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिते’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. निवासी इमारतींच्या बाह्य आवरणासाठी देशपातळीवर झालेला हा पहिलाच पद्धतशीर प्रयत्न. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी तिने एक निर्देशांक ठरवला आणि त्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट ठेवली. छतासाठी वेगळी अट घातली. खिडकीचा उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किती टक्के हवा, तेही हवामानानुसार सांगितले : उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के, उष्ण-दमट प्रदेशात सुमारे पावणेसतरा टक्के. महागड्या संगणकप्रणालीवाचून साध्या आकडेमोडीने वास्तुविशारदाला हिशेब करता यावा, ही त्यामागची दृष्टी व्यवहारी आणि चांगली आहे.

तरीही या संहितेचे वाचन करताना तीन ठिकाणी थांबावे लागते. पहिले म्हणजे ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांसाठी आहे. गावातल्या लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर बांधलेले २५ चौरस मीटरचे घरकुल तिच्या कक्षेतच येत नाही. दुसरे असे की भिंतींचा निर्देशांक संपूर्ण इमारतीची सरासरी काढतो. उत्तरेकडची सावलीतली सदनिका आणि पश्चिमेकडची दुपारभर भाजणारी सदनिका यांची बेरीज होऊन इमारत उत्तीर्ण होते. पण पश्चिमेच्या खोलीत राहणारे कुटुंब त्या सरासरीत राहत नसते.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. ही संहिता २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या पोटातून आली आहे. वीज वाचवणे हे तिचे मूळ प्रयोजन आहे. आत येणारी उष्णता कमी झाली की वातानुकूलनाचा भार कमी होतो, हा तिचा तर्क. घरात रात्री किती तापमान राहते, हे ती थेट विचारत नाही. ज्या घरात एक पंखा आणि एक दिवा आहे, तिथे वाचवायला वीजच नसते. अशा घराचा उकाडा ऊर्जेच्या जमाखर्चात शून्य म्हणून नोंदला जातो. जो विजेचे बिल भरून उष्णता बाहेर घालवू शकतो त्याची नोंद होते, आणि जो अंगावर काढतो त्याची होत नाही.

४

स्वस्त घराच्या उकाड्याचा मुख्य दरवाजा छप्पर हा आहे. मे महिन्यात आपल्या अक्षांशावर सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा छतावर ऊन कितीतरी अधिक पडते. बहुमजली इमारतीत हा भार शेवटच्या मजल्यावर येतो. एकमजली घरकुलात तो अख्ख्या घरावरच असतो.

सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या जुन्या घरांचे माळवद हे या प्रश्नाचे तिथले उत्तर होते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, हातभराहून रुंद. दिवसाचे ऊन एवढ्या जाडीतून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असे आणि तोवर माणसे अंगणात नाहीतर माळवदावर बाजा टाकून निजलेली असत. घर दिवसासाठी आणि आभाळ रात्रीसाठी, अशी ती विभागणी होती.

पण माळवदाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात एक तारीख अनेकदा गाळलेली असते, ती म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. त्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली. त्यांतली बहुतेक भूकंपाने नव्हे, तर अंगावर कोसळलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदांखाली दबून गेली. तो गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस होता आणि माणसे घरात झोपलेली होती. ज्या वजनाने घर थंड राहत होते, त्याच वजनाने ते जीवघेणे ठरले. त्यानंतर या भागातल्या लोकांनी जड छताची धास्ती घेतली आणि पत्र्याखाली राहणे पत्करले, यात मला अडाणीपणा दिसत नाही. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली आणि भूकंपरोधक घरे मिळाली. जीव वाचवण्याचा प्रश्न सुटला. उकाड्याचा प्रश्न मात्र मागे राहिला, कारण तो कोणी विचारलाच नव्हता.

पत्रा आणि स्लॅब यांची तुलनाही नीट केली पाहिजे. पत्र्याला वस्तुमान जवळजवळ नाही. ऊन चढताच तो तापतो आणि दुपारी खाली धग ओततो, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब याच्या उलट वागतो. वरचे ऊन खालच्या पृष्ठभागापर्यंत पोचायला त्याला सुमारे तीन तास लागतात. त्यामुळे छताची आतली बाजू दुपार कलल्यावर सर्वाधिक तापते आणि अंधार पडल्यानंतरही कितीतरी वेळ खाली प्रारण सोडत राहते. तो उष्णता लांबवण्याइतका जाड आहे, पण अडवण्याइतका जाड नाही. आतबाहेर एका अंशाचा फरक असता अशा उघड्या स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून साडेतीन वॅटहून अधिक उष्णता आत येते, असा साधा हिशेब निघतो. इको-निवास संहितेची छतासाठीची मर्यादा १.२ वॅट आहे. म्हणजे जवळपास तिप्पट. पत्र्याच्या घरातून स्लॅबच्या घरात जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षितता, पाऊस आणि प्रतिष्ठा या तिन्ही बाबतींत निर्विवाद लाभ होतो. उष्म्याच्या बाबतीत मात्र त्याला अनेकदा दुपारच्या बदल्यात रात्र द्यावी लागते.

आणि झोप रात्रीचीच असते. हवामान खाते ‘उष्ण रात्र’ ठरवते ती बाहेरच्या किमान तापमानावरून. स्लॅबखालच्या खोलीतली रात्र त्या नोंदीत येत नाही. शिवाय हवेचे तापमान मोजणारे साधन छताची धग पुरती सांगत नाही. खोलीतली हवा आणि शेजारच्या खोलीतली हवा सारखीच असली, तरी डोक्यावरचा स्लॅब तापलेला असेल तर अंगाला कळतेच. माझी आई संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी ओतायची, ते या धगीसाठी. पण तो उपायही पाणी असेल तरच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा गावात गच्चीवर ओतायचे पाणी किंवा कूलरचे पाणी ही चैनच होय.

५

अनुकूलनाचा सिद्धांत ज्या कृतींवर उभा आहे, त्या एकेक करून स्वस्त घरात नेऊन पाहू.

खिडकी उघडणे. संहिता खिडकीचा उघडू शकणारा भाग मोजते. प्रत्यक्षात उघडली जाणारी खिडकी हा वेगळा प्रश्न आहे. इंद्रगंटी यांच्या हैदराबादच्या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच आहे. खासगीपणा, सुरक्षितता, डास अशा अडथळ्यांमुळे उपाय हाताशी असूनही लोक ते वापरू शकत नव्हते, आणि वरच्या मजल्यावरच्या, छताला भिडलेल्या घरांची स्थिती अधिक वाईट होती. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत याचे टोक दिसते. सदनिकेचे क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० वर गेले. त्यावर भरपूर चर्चा झाली. पण दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी इतके कमी राहिले की खिडकीतून हवेऐवजी समोरच्याची खिडकीच आत येते. गोवंडी-मानखुर्द भागातल्या अशा वसाहतींत खालच्या मजल्यांवरचा क्षयरोग आणि उजेड-वाऱ्याची कमतरता यांचा संबंध २०१८ मधल्या एका पाहणीने पुढे आणला होता. तिथे वायुवीजन हा आरामाचा नव्हे, आरोग्याचा विषय झालेला आहे.

कपडे बदलणे. सासऱ्यासमोर, एकाच खोलीत, सून कोणते कपडे कमी करणार? क्लोच्या कोष्टकात साडीला आकडा देता येतो. ती नेसण्याची सक्ती त्या आकड्यात बसत नाही.

पंखा लावणे. ज्याच्या घरात स्वयंपाक आणि वावर एकाच खोलीत आहे, त्याला हे सांगायला नको. गॅस पेटवला की ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद करावा लागतो. म्हणजे घरात उष्णतेचा आणखी एक स्रोत सुरू होतो नेमका त्याच वेळी वारा थांबतो, आणि त्या दोन्हींच्या मधोमध भाकरी थापणारी बाई उभी असते. कार्यालयातल्या पाहणीत ही बाई नाही. बसून काम करणाऱ्याचे श्रम गृहीत धरणाऱ्या हिशेबातही ती नाही. सरकारी घरात सर्वाधिक तास काढणारी व्यक्ती मात्र तीच आहे.

जागा बदलणे. चार्ल्स कोरिया यांनी उष्ण देशात आभाळाखालची मोकळी जागा ही खोलीइतकीच उपयुक्त मिळकत आहे, असा आग्रह आयुष्यभर धरला. अहमदाबादेत १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बांधलेल्या अरुंद ‘ट्यूब हाउस’मध्ये तापलेली हवा उतरत्या छताखालून वर चढून माथ्याच्या फटीतून निघून जाई आणि दारापाशी असलेल्या झडपांतून ताजी हवा आत ओढली जाई. अल्प खर्चाच्या घरांच्या स्पर्धेत ते पहिले आले होते. १९९५ साली ते पाडले गेले. सिडकोसाठी बेलापूरला १९८० च्या दशकात त्यांनी उभ्या केलेल्या वसाहतीत मात्र अंगणांचा विचार मोठ्या प्रमाणावर साकार झाला. त्यांच्या कल्पनांवर पुस्तके निघतात, विद्यार्थी त्या अभ्यासतात. आपल्या घरकुलांच्या नकाशात मात्र अंगण ही उरलेली जागा असते.

६

याला उपाय नाहीत असे नाही. राजकोटमध्ये पंतप्रधान आवास योजनेखालच्या ११७६ घरांच्या एका प्रकल्पात भारत-स्विस सहकार्यातून हलक्या सच्छिद्र विटांच्या भिंती, सावली धरणाऱ्या झडपांच्या खिडक्या आणि हवा वर खेचणारे सामाईक उभे मार्ग योजले गेले. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले. त्या धक्क्यातून २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले गेले. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘थंड छप्पर धोरण’ आणले आणि सरकारी घरकुल योजनाही त्यात घेतल्या. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे किंवा निदान चुना, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गवंड्याला ठाऊक असलेले काम आहे. भूकंपरोधक सांगाडा आणि उष्णता अडवणारे छप्पर यांत विरोध नाही. किल्लारीनंतर आपण पहिल्या अर्ध्यावर थांबलो, एवढेच.

पांढऱ्या रंगाने सारे सुटेल, असे मात्र मी म्हणणार नाही. रंग धुळीने मळतो, दर एक-दोन वर्षांनी द्यावा लागतो आणि तो देण्याचा खर्च पुन्हा राहणाऱ्यावर येतो. त्यामुळे छपराचा थर हा बांधकामाचा भाग मानून अनुदानातच धरला पाहिजे. तो लाभार्थ्याच्या हौसेवर सोडता कामा नये.

ग्रामीण घरकुलाचे हप्ते मिळण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर घराचे स्थाननिश्चितीसह छायाचित्र अपलोड करावे लागते. जोते झाले, भिंती झाल्या, स्लॅब पडला, हे त्यात दिसते. शेवटचे छायाचित्र काढायला येणाऱ्याने एकदा मे महिन्यात रात्री दहा वाजता यावे, स्वयंपाक आटोपलेल्या त्या खोलीत स्लॅबखाली तापमान मोजावे आणि तो आकडा छायाचित्राशेजारी नोंदवावा. यासाठी नवी संहिता लागत नाही, काही शे रुपयांचे साधन पुरते. असे आकडे गावोगावचे जमले, तर सवयीच्या नावाखाली आपण काय खपवून घेत आलो आहोत, ते निदान कागदावर तरी येईल.